अर्धवट राहिलेल्या कामाचे काय? स्वयंपाकघरातील स्मार्ट डिस्प्लेचे परीक्षण

ओट्यावर ठेवायचा, आवाजाने चालणारा एक स्मार्ट डिस्प्ले काही महिने रोजच्या वापरात ठेवल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. आवाजाचा दर्जा, स्क्रीनची चमक, प्रोसेसरचा वेग यांबाबत तक्रार करण्यासारखे काही आढळले नाही, त्यामुळे त्यावर जागा खर्च करत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. घरात एकाच वेळी तीन कामे चालू असतात आणि त्यांतले एखादे मध्येच टाकून दुसरीकडे धावावे लागते. अशा वेळी हे यंत्र माणसाला किती साथ देते?

संगणक संशोधनात हा प्रश्न नवा नाही. झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेतील मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलेल्या लेखात अशी मांडणी केली, की संगणकाने माणसाचे लक्ष वेधून घेण्याऐवजी त्याच्या परिसरात इतके मिसळून जावे की त्याचे वेगळे अस्तित्व जाणवू नये. पुढे २००० मध्ये जॉर्जिया टेक विद्यापीठातील ग्रेगरी अबाउड आणि एलिझाबेथ मायनॅट यांनी या कल्पनेला ‘दैनंदिन संगणना’ची, म्हणजे घरातल्या रोजच्या, सतत चालणाऱ्या कामांना संगणकाने साथ देण्याच्या विचाराची, जोड दिली. रोजच्या कामांना ठळक सुरुवात आणि शेवट क्वचितच असतो, व्यत्यय गृहीतच धरावा लागतो, अनेक कामे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एखादी गोष्ट केव्हा घडली यालाही अर्थ असतो, ही त्यांची निरीक्षणे आजही तंतोतंत लागू पडतात. हा डिस्प्ले मी याच कसोटीवर तपासला.

टायमरच्या बाबतीत तो पूर्ण गुण मिळवतो. प्रत्येक टायमरला वेगळे नाव देता येते, चालू असलेले सगळे टायमर स्क्रीनवर एकाखाली एक दिसतात, आणि हात पिठाने माखलेले असतानाही ‘भाताला किती वेळ उरला’ असे विचारले की थेट उत्तर मिळते. अनेक कामे एकाच वेळी चालतात ही गोष्ट निदान येथे तरी उपकरण बनवणाऱ्यांनी मनापासून समजून घेतलेली दिसते.

पाककृतीकडे वळल्यावर मात्र चित्र पालटते. उपकरण एकेक पायरी वाचून दाखवते आणि ‘पुढे’ म्हटले की पुढची पायरी येते; जोवर माणूस ओट्यापाशी उभा आहे तोवर सगळे सुरळीत चालते. पण मध्येच फोन आला, दारावर कोणी आले किंवा मूल रडू लागले आणि आपण बाजूला गेलो, की परत येईपर्यंत स्क्रीनवर छायाचित्रांची मालिका सुरू झालेली असते. पाककृती पुन्हा मागितली तर ती कधी सोडलेल्या पायरीवर उघडते, कधी पहिल्या. योग्य पायरीवर उघडली तरी मीठ घातले होते की नाही, तीन वाट्या पीठ घेतले की दोनच, हा खरा प्रश्न तसाच राहतो, कारण उपकरणाला पाककृती माहीत असते, आपण प्रत्यक्षात काय केले ते माहीत नसते.

याचे वाईट वाटते, कारण नेमक्या याच अडचणीवर जॉर्जिया टेकमध्ये खूप पूर्वी काम झाले आहे. तेथील संशोधकांच्या ‘कुक्स कोलाज’ या प्रयोगात ओट्यावर रोखलेले कॅमेरे स्वयंपाकातील अलीकडच्या कृतींची चित्रे टिपत आणि ती क्रमाने समोरच्या स्क्रीनवर मांडत. पुढे काय करावे हे ते यंत्र सांगत नसे. आतापर्यंत काय झाले एवढेच दाखवून निर्णय ते माणसावर सोपवत असे. माझ्या मते स्वयंपाकघरातल्या माणसाची खरी गरज एवढीच आहे. स्वयंपाक येणाऱ्याला शिकवणीची जरूर नसते, तुटलेला धागा पुन्हा हाती लागावा एवढीच त्याची अपेक्षा असते.

औषधांच्या आठवणीतही हीच उणीव जाणवते. ठरलेल्या वेळी उपकरण स्पष्ट आवाजात आठवण करून देते आणि ‘झाले’ म्हटले की गप्प होते. मात्र ‘झाले’ म्हणणे आणि गोळी घेणे यांत अंतर असते. घाईत असलेला माणूस आवाज बंद करण्यासाठी ‘झाले’ म्हणून मोकळा होतो आणि उपकरण ते काम संपले असे धरून चालते. ‘थोड्या वेळाने सांग’ ही सोय आहे, पण ती स्वतःहून मागावी लागते. संध्याकाळी ‘सकाळची गोळी घेतली होती का’ असे विचारल्यावर भरवशाचे उत्तर मिळत नाही. ज्येष्ठ व्यक्तीसाठी उपकरण घेणाऱ्यांनी ही मर्यादा नीट लक्षात ठेवावी, आणि दिवसांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी वापरात असेल तर ती मुळीच काढून टाकू नये.

उपकरण रिकामे असताना त्यावर फिरणारी कौटुंबिक छायाचित्रे पाहायला आवडतात, पण तेथेही एक संधी हुकली आहे. मायनॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिजिटल फॅमिली पोर्ट्रेट’मध्ये दूर राहणाऱ्या वृद्ध आप्ताच्या छायाचित्राभोवतीच्या चौकटीत लहान चिन्हे ठेवून त्या व्यक्तीची रोजची हालचाल कमी आहे की जास्त एवढेच सूचित केले होते. व्हिडिओ नाही, संभाषण नाही, तरी आप्त नेहमीसारखे वावरत आहेत एवढा दिलासा त्यातून मिळावा, हा हेतू होता. या डिस्प्लेवर मात्र मधूनमधून नव्या सुविधांची शिफारस झळकते. सेटिंगमध्ये ती कमी करता येते, पूर्ण बंद करता आली नाही.

कॅमेऱ्यावर सरकणारी झडप आहे आणि मायक्रोफोन बंद करण्याचे बटण वेगळे आहे, हे चांगले झाले. हाक देण्याचा ठरावीक शब्द उपकरण स्वतःच ओळखते. मात्र त्यानंतरचे बोलणे सहसा कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, याची कल्पना घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांनाही, देणे योग्य ठरेल.

ज्यांना टायमर, खरेदीची यादी आणि हात न लावता मिळणारी उत्तरे हवी आहेत, त्यांनी हे उपकरण अवश्य घ्यावे. विसरभोळेपणावर उपाय म्हणून घेणार असाल तर मात्र थांबा. घेतलेच, तर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन छायाचित्रांकडे वळण्याआधीचा अवधी जितका वाढवता येईल तितका वाढवावा, म्हणजे निदान समोर उघडलेली पाककृती लगेच नाहीशी होणार नाही.