२०० तासांचा योग टीचर ट्रेनिंग कोर्स केला, त्याबद्दल सविस्तर

घराजवळच्या स्टुडिओत मी आधी रेग्युलर क्लासला जात होते आणि मग तिथेच २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स केला, तेव्हापासून क्लासमधल्या बऱ्याच जणी विचारतायत की कसा आहे, करू का, एवढे पैसे घालावेत का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. कोर्स चांगला आहे. आणि त्याचं मुख्य कारण एकच, की इथे तुम्हाला लोकांसमोर उभं करून शिकवायला लावतात, तेही अगदी सुरुवातीपासून, आणि तुम्ही शिकवत असताना कोणीतरी जाणकार माणूस कोपऱ्यात बसून बघत असतं. बऱ्याच कोर्सेसमध्ये टीचर ट्रेनिंगच्या नावाखाली आपलीच आसनं घोटून घेतात, शरीर लवचिक होतं, छान वाटतं, फोटो येतात, पण दहा अनोळखी माणसं मॅटवर उभी राहून तुमच्याकडे बघायला लागली की काय बोलायचं ते कोणी सांगितलेलंच नसतं. स्टुडिओचं नाव लिहीत नाहीये कारण पुढे काही तक्रारीही आहेत, आणि तसंही मी जे लिहितेय ते कुठल्याही स्टुडिओत जाऊन तपासता येईल असं आहे.

आधी रेग्युलर क्लासबद्दल थोडंसं, कारण कोर्स करायचा की नाही हे मी त्यावरूनच ठरवलं. शिकवणाऱ्या मॅडम क्लासमध्ये स्वतःची प्रॅक्टिस करत नाहीत, हे मला पहिल्यापासून आवडलं. एखादं आसन दाखवतात आणि मग पूर्ण वेळ फिरत असतात. प्रॉप्स म्हणजे आधाराला घ्यायच्या वस्तू भरपूर आहेत, ब्रिक (विटेसारखा ठोकळा), बेल्ट, ब्लँकेट, बोल्स्टर (लांब जाड उशी), खुर्च्या, आणि ते वापरण्यात कोणाला कमीपणा वाटू देत नाहीत. प्रॉप्सचं हे सगळं मुख्यतः योगगुरू बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी (१९१८–२०१४) रुजवलं आणि आता जवळपास सगळ्या पद्धतींत ते आलंय, पण नुसत्या ब्रिक्स कपाटात रचून ठेवणं वेगळं आणि कुणाला कधी द्यायची ते कळणं वेगळं. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायच्या नादात छाती खाली कोसळते आणि खालची बाजू आखडते, तिथे हाताखाली ब्रिक आली की बरगड्या मोकळ्या होतात आणि मान वळवता येते. सर्वांगासनात तर खांद्याखाली घड्या घातलेली ब्लँकेट्स असल्याशिवाय वर जाऊच देत नाहीत, डोकं खाली जमिनीवर, खांदे वर ब्लँकेटवर, म्हणजे मान तेवढी कमी दुमडते. हे मी आधी दुसरीकडे कुठेच बघितलं नव्हतं, तिथे सरळ मॅटवर सर्वांगासन करायला लावायचे.

आता मुख्य गोष्ट, प्रॅक्टिस टीचिंग. छोटे ग्रुप करतात, एकीने शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, आणि अट अशी की करून दाखवायचं नाही. हात मागे, फक्त बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या मिनिटात कळतं की आपण आयुष्यभर बघून शिकलोय, ऐकून नाही. आमच्या बॅचमधल्या एकीने वीरभद्रासन शिकवताना सांगितलं, उजवा पाय बाहेर वळवा. एवढंच. समोरच्या चौघींपैकी एकीने नुसता पंजा वळवला, एकीने मांडीपासून आख्खा पाय वळवला, एकीने कंबर पण सोबत फिरवली आणि चौथी बिचारी पाय उचलून बाजूला ठेवून मोकळी झाली. आणि चौघींनीही सांगितलेलंच केलं होतं! मॅडम तिथेच थांबवून म्हणाल्या, "अगं त्यांच्याकडे बघ, त्या काय करतायत तेच तू बोललीयस." मग परत सांगायला लावलं, मांडीच्या सांध्यापासून पाय बाहेर फिरवा, गुडघा आणि पंजा एकाच दिशेला, मग गुडघा वाकवा आणि तो घोट्याच्या वर आणा, आत पडू देऊ नका. आता चौघींचे पाय सारखे दिसायला लागले. त्या दिवशी जे कळलं ते दहा लेक्चर ऐकून कळलं नसतं.

सूचना द्यायचा क्रमही पक्का करून घेतात. आधी जमिनीला काय टेकलंय ते सांगायचं, मग कुठला भाग हलवायचा, मग कुठल्या दिशेला, आणि श्वास हालचालीच्या आधी बोलायचा, म्हणजे "श्वास घेत हात वर" असं, कारण "हात वर, आणि श्वास घ्या" म्हटलं तर लोकांचे हात आधीच वर गेलेले असतात. एका दमात तीनच सूचना, त्याहून जास्त कोणी ऐकत नाही. आणि मग गप्प बसायचं! हे सगळ्यात अवघड जातं, आसन धरून ठेवलेलं असताना आपल्याला वाटतं की सतत काहीतरी बोलत राहायला हवं, नाहीतर आपण शिकवत नाही आहोत, पण समोरच्याला स्वतःचं शरीर जाणवायला शांतता लागते. मिरर करून शिकवणं पण घोटून घेतलं, म्हणजे विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभं राहायचं, तोंडाने उजवा हात म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. सुरुवातीला सगळ्यांची गाडी इथेच अडकते, रोज आरशासमोर केलं की सुटते.

हात लावून आसन दुरुस्त करण्याबद्दल तर त्यांचा नियम फार स्पष्ट आहे आणि मला वाटतं हा प्रत्येक स्टुडिओत असायला हवा. विचारल्याशिवाय कुणालाही हात लावायचा नाही. क्लास सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना डोळे मिटून बसवतात आणि ज्यांना नको असेल त्यांनी हात वर करा म्हणतात, म्हणजे कोणासमोर अवघडायला होत नाही. आणि हो म्हटलेल्या माणसालाही ढकलायचं नाही, दाबायचं नाही. पश्चिमोत्तानासनात पाठीवर वजन टाकून कोणाला पुढे ढकलणारे शिक्षक मी बघितलेत, माझ्या ओळखीच्या एकीचा मांडीमागचा स्नायू असाच दुखावला गेला आणि नंतर कितीतरी महिने नीट बसता येत नव्हतं. याच्यावरून आठवलं, पुढे वाकताना जर ताण मांडीच्या मधोमध न येता बसायच्या हाडापाशी दुखायला लागलं तर तिथे स्नायूचा टेंडन हाडाला जोडलेला असतो आणि ते स्ट्रेच करून बरं होत नाही उलट वाढतं, तेव्हा गुडघे वाकवायचे आणि कमी वाकायचं. हे कोर्समध्ये इतक्यांदा सांगितलं की आता रेग्युलर क्लासमध्येही माझ्या तोंडून आपोआप निघतं.

ॲनाटॉमी शिकवायला बाहेरून एक फिजिओथेरपिस्ट येतात, आणि त्यांचे सेशन म्हणजे या कोर्सची दुसरी जमेची बाजू. हाडांची नावं पाठ करून घेत बसले नाहीत. एकेक आसन घेऊन कुठला सांधा काय करतोय ते दाखवलं. पद्मासनाचं उदाहरण घ्या, मांडी घालताना फिरणं खुब्यातून यायला हवं, गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा आहे, तो फिरायला फारसा बनलेलाच नाही, त्यामुळे खुबा फिरत नसताना पाऊल ओढून वर ठेवलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो आणि आतल्या गादीला म्हणजे मेनिस्कसला इजा होऊ शकते. आणि खुबा किती फिरणार हे नुसतं स्नायूंवर अवलंबून नाही, मांडीच्या हाडाची मान आणि खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी असते, काहींना कितीही वर्षं प्रॅक्टिस केली तरी पद्मासन येणार नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. हे ऐकून आमच्या बॅचमधल्या एका काकांचा चेहरा इतका खुलला, ते कित्येक वर्षं स्वतःला दोष देत होते. उलट ज्यांचे सांधे फार सैल आहेत, कोपर उलट्या बाजूला जातं, त्यांना अजून ताणायची गरज नसते, ताकद लागते, आणि क्लासमध्ये अशाच लोकांचं कौतुक जास्त होतं ही अडचण आहे.

प्राणायाम शिकवताना घाई केली नाही हेही चांगलं. कपालभातीत श्वास सोडणं जोरात आणि घेणं आपोआप, भस्त्रिकेत दोन्ही जोरात, हा साधा फरक कित्येक वर्षं करणाऱ्यांनाही माहीत नसतो. शिवाय कपालभाती ही हठयोगात सहा शुद्धिक्रियांमधली एक आहे, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती, तिला सरसकट प्राणायाम म्हणून सगळ्यांना द्यायची गोष्ट नाही. कोणाला काय द्यायचं नाही याची मोठी यादीच करून घेतली, गरोदर बायकांना कपालभाती आणि पोटावर झोपायची आसनं नाहीत, बीपी जास्त असेल तर उलटी आसनं आणि श्वास रोखणं नाही, काचबिंदू असेल तर शीर्षासन सर्वांगासन नाही कारण डोळ्यातला दाब वाढतो, हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून खोल वाकायचं नाही, हर्निया किंवा पोटाचं नुकतं ऑपरेशन झालेलं असेल तर पोटाला झटके द्यायचे नाहीत. आणि नवीन माणूस आला की हे आधी विचारायचं, एकांतात विचारायचं, सगळ्यांसमोर नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात आणि घेताना वाढतात हे नाडीवर बोट ठेवून स्वतः बघायला लावलं, तेव्हा उच्छ्वास लांबवायला का सांगतात ते कोणी वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. पहिली म्हणजे तत्त्वज्ञान. पतंजलींच्या योगसूत्रांतली १९५ (काही प्रतींत १९६) सूत्रं, त्यांचे चार पाद म्हणजे प्रकरणं, यम नियम म्हणजे कसं वागावं याची तत्त्वं, सगळं अक्षरशः उरकलं. त्यातला बराचसा भाग रेकॉर्डेड व्हिडिओ, घरी बघा आणि फॉर्म भरा, तेही तास २०० मध्ये मोजले. मला हे मनापासून लागलं. एवढ्या सूत्रांत आसनाबद्दल जेमतेम तीन आहेत, दुसऱ्या पादातली ४६ ते ४८, त्यातलं स्थिरसुखमासनम् (आसन स्थिर आणि सुखाचं असावं) सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या पुढचं प्रयत्न सैल करण्याबद्दलचं सूत्र कोणी उलगडून सांगत नाही, आणि खरं तर क्लासमध्ये दात-ओठ खाऊन आसन करणाऱ्या माणसाला नेमकं तेच सांगायचं असतं. अहिंसेवर एक स्लाइड दाखवून पुढे जाण्यापेक्षा वर लिहिलेला हात लावायचा नियम अहिंसेशी जोडून अर्धा तास बोलले असते तर किती छान झालं असतं. शिकवणारे सर विद्वान आहेत यात शंका नाही, त्यांना वेळच दिला नाही.

दुसरं, बॅच मोठी होती. प्रॅक्टिस टीचिंग हाच कोर्सचा जीव, आणि माणसं जास्त झाली की प्रत्येकाचा नंबर उशिरा लागतो. शेवटी शेवटी तर काही जणांना पाचच मिनिटं मिळाली. याबद्दल मी तिथे स्पष्ट बोलले, पुढच्या बॅचला संख्या कमी ठेवू म्हणालेत, ठेवायलाच हवी.

तिसरं म्हणजे कोर्स संपल्यावर काही नाही. सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला, टाटा. खरं शिकणं तर त्यानंतर सुरू होतं, पहिला क्लास घेतल्यावर शंभर प्रश्न पडतात, तेव्हा महिन्यातून एकदा तरी बसायची सोय हवी होती. मी आपणहून मॅडमच्या सकाळच्या बॅचला असिस्ट करायची परवानगी मागितली, ती त्यांनी आनंदाने दिली, त्यात मला कोर्सइतकंच शिकायला मिळतंय, पण हे मागावं लागू नये.

जागेबद्दल फार काही लिहिण्यासारखं नाही, स्वच्छ आहे, लाकडी फ्लोअर आहे, कपडे बदलायची खोली मात्र फारच लहान.

सर्टिफिकेटबद्दल खूप गैरसमज आहेत म्हणून सांगते. योगा अलायन्स ही अमेरिकेतली १९९९ पासूनची संस्था शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी करते, ती स्वतः तुमची परीक्षा घेत नाही. शाळेने सर्टिफिकेट दिलं की त्यावर तुम्ही नोंदणी करता. २०० तासांत किमान काय हवं हे त्यांनी ठरवलंय, आसन-प्राणायाम वगैरे तंत्र आणि सराव ७५ तास, ॲनाटॉमी ३०, तत्त्वज्ञान-इतिहास ३०, शिकवण्याचं कौशल्य आणि व्यवसायाचा भाग ५०. आणि नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांत ४५ तास शिकवलेलं आणि ३० तास पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. म्हणजे कागद सारखाच, पण त्या ५० तासांत तुम्हाला उभं केलं की खुर्चीत बसवून ठेवलं हे शाळेवर. अय्यंगार पद्धतीत तर शिक्षक व्हायला वर्षानुवर्षं शिकावं लागतं, त्यापुढे २०० तास म्हणजे फक्त सुरुवात आहे, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

कोणी करावा? ज्यांची स्वतःची नियमित प्रॅक्टिस निदान दोनेक वर्षं आहे त्यांनी नक्की. शिकवायचं नसेल, नुसती प्रॅक्टिस सुधारायची असेल तर एवढे पैसे घालू नका, त्याच मॅडमचा रेग्युलर क्लास लावा, पुरेसा आहे. शीर्षासन येत नाही म्हणून मागे राहू नका, आमच्या बॅचमध्ये सगळ्यात छान शिकवणाऱ्या ताईंना शीर्षासन येत नाही. आणि फी भरायच्या आधी, इथे असो की दुसरीकडे, एवढं विचारा: प्रत्येकाला एकूण किती वेळ शिकवायला मिळतो, त्यावर फीडबॅक कोण देतं, किती तास रेकॉर्डेड आहेत, आणि चालू बॅचचं एक प्रॅक्टिस टीचिंग सेशन मागे बसून बघू द्याल का. माझ्या स्टुडिओने बघू दिलं होतं.