फायब्रोमायल्जियाचं निदान: दाबून की विचारून?

लावणीनंतर अंग दुखणं कोकणात नवं नाही. पण भात कापणीला आलं तरी दुखणं आणि सकाळचा थकवा सरत नसेल, तर फायब्रोमायल्जियाचा, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा महिनोन्‌महिने टिकणाऱ्या आजाराचा, विचार हवाच.

१९९० च्या पद्धतीत अंगठ्याने सुमारे ४ किलो दाब देतात, म्हणजे नख पांढरं पडेपर्यंत. अंगावरच्या ठरलेल्या १८ पैकी ११ जागा दुखल्या तरच निदान. प्रत्येक डॉक्टरचा दाब वेगळा, आणि ९ जागा दुखणारी बाई 'काही नाही' ऐकून घरी परतते. हा अन्यायच.

२०१६ च्या पद्धतीत विचारतात: गेल्या आठवड्यात १९ पैकी किती भाग दुखले? थकवा, झोपूनही न येणारी तरतरी, विसराळूपणा यांना प्रत्येकी ० ते ३ गुण. डोकेदुखी, ओटीपोटातल्या कळा, नैराश्य यांना एकेक. ७ भाग आणि ५ गुण, किंवा ४ ते ६ भाग आणि ९ गुण पुरतात. मात्र दुखणं शरीराच्या ५ मोठ्या विभागांपैकी (डावा-उजवा वरचा, डावा-उजवा खालचा आणि मधला) ४ विभागांत आणि ३ महिने हवं.

आमचा कौल दुसरीला. तरीही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (अंगातला दाह दाखवणारी), टीएसएच (थायरॉइडची) या रक्ततपासण्या करून घ्या. सांधे सुजले असतील तर ते फायब्रोमायल्जियाचं लक्षण नव्हे. पावसाळ्यात ताप येऊन गेला असल्यास चिकुनगुनिया तपासा.