फिट्ससाठी व्हीएनएस मशीन बसवून नऊ महिने झाले, आवाजाचं काय झालं ते सांगतो

सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्याला बोली पुकारतो मी, म्हणजे पोट गळ्यावरच. फिट्स चौदाव्या वर्षापासनं, तीन गोळ्या चालू असून महिन्याला सहा-सात यायच्याच, मेंदूचं ऑपरेशन माझ्या केसमध्ये जमत नाही म्हणाले मग व्हीएनएस ठरलं, म्हणजे छातीत मशीन बसवून वायरीनं मानेतल्या व्हेगस नसेला करंट द्यायचा, पुण्यात केलं.

मशीनबद्दल सगळेच बोलतात, ऑपरेशनमधल्या नर्व्ह मॉनिटरिंगबद्दल (नस दुखावू नये म्हणून तिच्यावर ठेवायची नजर) मात्र मला आधी कोणी एक शब्द सांगितला नव्हता. एस्टिमेटमध्ये ती वेगळी ओळ दिसली तर दाजी म्हणाले कापायला सांग, उगाच बिल वाढवतात. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी माझ्याच मानेवर डावीकडं बोट फिरवून दाखवलं, इथं धमनी, इथं मोठी शीर, मधी व्हेगस नस, तिच्याभोवती स्प्रिंगसारखी वायर गुंडाळायची. आणि आवाजाची नस ही हिचीच फांदी, छातीत खाली जाऊन परत घशाकडं वर येते. म्हणलं साहेब, म्हणजे माझ्या दुकानाच्या मेन लाईनलाच हात घालणार की तुम्ही. मग दाजींना गप्प बसवलं.

मॉनिटरिंग होतं असं, भूल दिल्यावर श्वासाची जी नळी घालतात तिलाच इलेक्ट्रोड असतात ते स्वरतंतूंना टेकतात. सर्जननी नसेला बारीक करंट दिला की स्वरतंतू हलतात आणि स्क्रीनवर लाट उठते, म्हणजे नस बरोबर पकडली. शेजारी गळ्याच्या स्नायूंना जाणाऱ्या बारीक नसा पण असतात, त्यातली चुकून धरली तर स्वरतंतू न हलता गळ्याचे स्नायू हलतात, लगेच कळतं. यात भुलीच्या डॉक्टरांची पण कसरत, स्नायू ढिले करायचं औषध नळी घालण्यापुरतंच द्यायचं, त्याचा असर राहिला तर लाट दिसायचीच नाही. शेवटी मशीन जोडून टेस्ट करतात तेव्हा क्वचित कुणाचे ठोके मंदावतात म्हणून भुलवाल्यांना आधी सांगूनच चालू करतात.

शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं तर "एकशे ऐंशी, पंच्याऐंशी" पुकारून बघितलं. नुसता घोगरा. लय घाबरलो, पण ते नळीनं घसा खरवडल्यामुळं होतं, दहा-बारा दिवसांत गेलं.

दोन आठवड्यांनी मशीन चालू केलं, ०.२५ मिलिअँपपासनं वाढवत आता १.५ वर आहे, ३० सेकंद चालू ५ मिनिटं बंद. त्या ३० सेकंदात आवाज थरथरतो. दाजी लगेच, बघ, पैसे पाण्यात! इथंच लोकांचा घोळ होतो. मॉनिटरिंग हे ऑपरेशनमध्ये नस दुखावू नये म्हणून, नंतर करंट तर त्याच नसेतनं रोज जाणार, तेवढ्यापुरता आवाज बदलणारच. कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतनं बघितलं, दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित हलतात.

राग एकाच गोष्टीचा, मॉनिटरिंगचा रिपोर्ट मागितला तर फाईलमध्ये एक ओळ, "रिस्पॉन्स मिळाला". इन्शुरन्सवाल्यांनी नेमका तेवढाच खर्च कापला आणि कागद कुठला दाखवणार मी?

फिट्स आता महिन्याला दोन-तीन, पण फरक पडायला पाच महिने लागले, गोळ्या चालूच आहेत. सौद्याच्या वेळी डॉक्टरांना विचारून चुंबक छातीवर मशीनवर चिकटवून ठेवतो, तेवढा वेळ करंट बंद. परवा विसरलो, दोनशे दहावर आवाज कापरा झाला, समोरच्या व्यापाऱ्याला वाटलं मी सौदा सोडतोय, गडबडीनं दोनशे बारा बोलून बसला.