मालदीवची बोट, स्पिअरगन आणि बुडालेली रक्कम

मालदीवमध्ये बोटीने बेटाबेटांवर फिरवतो आणि पाण्याखाली भाल्याने मासे मारायला शिकवतो, असे सांगून कोणी सहल विकत असेल, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे. कारण त्या देशात स्पिअरगनने, म्हणजे पाण्याखाली भाला सोडणाऱ्या बंदुकीने, मासे मारायलाही बंदी आहे आणि स्पिअरगन सोबत नेण्यालाही. बडोद्याच्या सयाजीगंजमधल्या ज्या एजंटाने आम्हांला ही सहल विकली, त्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

माझा पुतण्या उत्तम पोहणारा. त्याच्या हौसेखातर दांडिया बाजारातली आमची ओळखीची कुटुंबे एकत्र आली. "काका, रिसॉर्टवर तर सगळेच जातात, मी तुम्हांला थेट दक्षिणेला हुवाधूपर्यंत नेतो, तिथे दिवसभर दुसरी बोट दिसणार नाही," असे तो एजंट म्हणाला. हुवाधू हे खरोखरच प्रचंड मोठे आणि राजधानी मालेपासून फार दूर असलेले कंकणद्वीप (कड्याच्या आकारात पसरलेला बेटांचा समूह) आहे. त्याने दाखवलेला नकाशा खरा होता, बेटांची नावे खरी होती, आणि म्हणूनच बोटीबद्दल कोणाला शंका आली नाही. आगाऊ रक्कम, मग डिझेल महागल्याचा वाढीव हप्ता, स्पिअरगनचे वेगळे पैसे, हे सारे एका खासगी बचत खात्यात गेले. मालदीवच्या प्रवेशासाठी ऑनलाइन भरायच्या 'इमुगा' या घोषणापत्राचेही त्याने शुल्क लावले, जे सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते.

मालेच्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रातून लांब पिशवी बाहेर येताच कस्टमच्या अधिकाऱ्याने ती उघडायला लावली, बंदुकीचे रबरी पट्टे हाताने चाचपले आणि ती बंदूक तिथेच ठेवून घेतली. न्यायला कोणी आले नव्हते. एजंटाचा फोन बंद होता. हुलहुमालेच्या धक्क्यावर एका सफारी बोटीच्या कप्तानाला आम्ही आमच्या व्हाउचरवरचे छायाचित्र दाखवले. त्याने ते मोबाइलवर मोठे केले आणि बोटीच्या मागच्या बाजूवर बोट ठेवले: तिथली फळी बाकदार होती, पण नावाची अक्षरे मात्र पट्टीने आखल्यासारखी सरळ बसली होती. छायाचित्रातली बोट त्या कप्तानाचीच होती, नाव वरून चिकटवलेले होते. त्याच भल्या माणसाने आम्हांला सांगितले की पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक सफारी बोटीला पर्यटन मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. अशा बोटींवर संध्याकाळी दोरी आणि गळ टाकून मासेमारी करू देतात, पण भाला कोणीच देत नाही. त्या देशातले कोळीसुद्धा टूना मासा मुख्यतः काठी-गळाने एकेक करून पकडतात. उरलेले दिवस आम्ही स्वखर्चाने एका साध्या अतिथिगृहात काढले.

बडोद्याला परतल्यावर एका सनदी लेखापाल मित्राने बिल पाहून नेमकी जागा दाखवली. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेत्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घ्यावा लागतो. ऑक्टोबर 2020 पासून हा नियम आहे. तो सरकारजमा करून विक्रेत्याने तिमाही विवरणपत्र भरले की ती रक्कम ग्राहकाच्या पॅनवर, फॉर्म 26एएस या आयकर विभागाच्या करनोंदीत दिसते. आमच्या बिलावर टीसीएसची ओळ होती, रक्कम होती, पण माझ्या 26एएसमध्ये काहीही आले नव्हते, आणि विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकला तर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. पैसे भरण्याआधी हा क्रमांक घरबसल्या तपासता येतो, बोटीचे नाव मंत्रालयाच्या यादीत शोधता येते, आणि खाते व्यवसायाच्या नावाचे आहे की व्यक्तीच्या, हे बँकेचे ॲपच दाखवते.

आम्ही 1930 या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली आहे, आणि ग्राहक आयोगाचा अर्जही तयार आहे. पैसे गेल्याबरोबर 1930 वर कळवले तर पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या रकमेला तोवर बराच काळ लोटला होता. डिझेलच्या वाढीव हप्त्याची पावती शहरात आणखी कोणाकडे असेल, तर ती फाडू नये आणि त्या एजंटाशी झालेले चॅटही पुसू नये, कारण एकाच खात्यात गेलेल्या अनेक कुटुंबांच्या रकमा तपास अधिकाऱ्यासमोर एकत्र आल्या, तर त्या खात्याचा माग काढणे त्याला सोपे जाईल.