दिवाळीत शिडाच्या बोटीवर: फुकेत की सेशेल्स?

शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची म्हटलं की आपल्याकडे आधी खर्चाचा हिशेब निघतो. आधी सुट्टीची तारीख बघा. शाळेतली मुलं बरोबर असतील तर पुणेकराच्या हाती दिवाळी आणि मे, एवढंच.

थायलंडमधल्या फुकेतकडे अंदमानच्या समुद्रात नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण मे ते ऑक्टोबर असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर तर भिजण्याचेच महिने. म्हणजे मे महिना बाद. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा जमून जाईल. २०२७चं २९ ऑक्टोबरला. त्या वर्षी मी फुकेतला पैसे अडकवणार नाही. नाताळची सुट्टी मिळत असेल तर मात्र डोळे झाकून फुकेत.

सेशेल्स ही हिंदी महासागरातली बेटं, विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारे दिशा बदलतात, समुद्र मवाळ असतो. शिडं ढिली पडून इंजिनावर जावं लागलं तर कुरकुर करू नये. मे महिन्यात आग्नेय वारे धरू लागतात, तेव्हा खरी शिडाची मजा. दोन्ही सुट्ट्या चालतात, पण खिसा हलका होतो: तिथे बहुतेक जिन्नस बाहेरून येतो.

शिवाय तिथल्या माहे बेटापासून प्रालँ बेटापर्यंत चाळीसेक किलोमीटर उघडं पाणी. शिडाच्या बोटीला चार-पाच तास सहज लागतात. घाटात गाडी लागणारं कुणी घरात असेल तर त्याला बोटही लागेल, असं धरून चाला. फुकेतजवळच्या फांग-ङा उपसागरात चुनखडीच्या सुळक्यांचा आडोसा आहे, लाटा लहान आणि पुढचं बेट समोरच दिसतं. पहिल्याच खेपेला आजी-आजोबा येणार असतील तर तारीख बदला, पण फुकेतच घ्या.

बोट दोन्हीकडे कॅटमरानच, म्हणजे दोन सांगाड्यांची. एका सांगाड्याची बोट वाऱ्यात कलते आणि ओट्यावरचा चहा जमिनीवर येतो. कप्तानही घ्याच; खडकवासल्याच्या पाण्यावर शिकलेल्या शिडाला भरती-ओहोटी ठाऊक नसते. कप्तानाला झोपायला जागा लागते, म्हणून चार खोल्यांची बोट म्हणजे तीन जोडपी, हे आधीच सांगून टाका. डिझेल, कप्तानाचा पगार नि जेवण, अनामत रक्कम हे भाड्यात धरलंय का, लेखी विचारा.

आणि पाणी टाकीतलं असतं. नळ सोडून दाढी करणाऱ्या काकांना हे निघण्यापूर्वी पुण्यातच सांगा.