कोल्ड ब्ल्यू आणि मेण: गोव्याचा एक पावसाळा काढल्यानंतर

बंदुकीच्या पोलादी नळीला न तापवता काळा-निळा रंग देणारं बाटलीतलं द्रावण, म्हणजे कोल्ड ब्ल्यू, घेण्याआधी एवढं पक्कं धरून चाला की हा रंग आहे, कवच नाही. नळीवर चढतो तो तांबं आणि सेलेनियमच्या संयुगाचा अगदी पातळ थर. कारखान्यातल्या हॉट ब्लूइंगची गोष्ट निराळी. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १४० अंश तापलेल्या द्रावणात पोलादाचाच पृष्ठभाग काळा मॅग्नेटाइट (लोहाचं ऑक्साइड) होतो आणि तो तेल बऱ्यापैकी धरून ठेवतो. (दुनाळीची नळी मात्र त्या द्रावणात कधीच बुडवायची नाही. दोन नळ्या जोडणारं डाग-काम कॉस्टिकमध्ये सुटतं.)

४.५ मिमी एअर रायफलच्या नळीवर मे महिन्यात रंग चढवला आणि नोव्हेंबरपर्यंत ती वापरात ठेवली. पुढच्या अर्ध्या भागावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण, मागच्या अर्ध्यावर नुसतं पातळ बंदुकीचं तेल. घर समुद्रापासून फार लांब नाही, म्हणजे परीक्षा कडकच.

रंग नीट बसणं न बसणं हे ऐंशी टक्के साफसफाईवर आहे. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री, मग दस्ता आणि दुर्बीण काढून बाजूला. जुना गंज ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, शेवटचा हात ६००चा. नंतर अॅसिटोनने दोनदा पुसायचं आणि तिथून पुढे नायट्राइलचे हातमोजे. एक बोट लागलं तरी तेवढाच ठसा फिका राहतो. बऱ्याच जणांचं काम बिघडतं ते स्टील वूलमुळे: ०००० नंबरचं वूल येतानाच तेल लावलेलं असतं, ते अॅसिटोनमध्ये धुऊन वाळवल्याशिवाय नळीला लावू नका. नळीच्या तोंडाला रबरी बूच हवं. द्रावण आत जाता कामा नये.

नळी हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतकी तापवा. कापसाचा बोळा भिजवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओढीत फिरवा, मधे थांबलात तर पट्टा दिसतो. मिनिटभराने पाण्याने धुवा, पुसा, वूलने हलकं घासा. असे पाच हात दिल्यावर गडद रंग आला. पहिल्या हातात तांबूस झाक आली म्हणून जोर लावून घासू नका, पुढच्या हातांत ती दबते. खिडक्या उघड्या हव्यात, कारण सेलेनियम विषारी आहे. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये हे काम नको.

आता खरी मेख. काम झाल्यावर नळी सुंदर दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या) पायांखाली नारिंगी पूड. तो दमटपणा नव्हे, खाचेत उरलेलं द्रावणातलं आम्ल. लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून धुवायचं, मग बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड पाण्याने (आम्लाने नव्हे), ड्रायरने खडखडीत वाळवून भरपूर तेल. चोवीस तासांनी पुसून पुन्हा तेल. मेण लावायचं असेल तर त्यानंतरच, आणि त्या भागावरचं तेल अॅसिटोनने काढून. नळी कोमट करून अगदी पातळ हात द्यायचा आणि सुती फडक्याने चमकवायचं.

जुलैत तेलाच्या भागावर दहा दिवसांतच तपकिरी ठिपके आले. खारी हवा हे कारण. साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं आणि गोव्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. तेल तर उभ्या ठेवलेल्या नळीवरून हळूहळू उतरतच असतं. मेणाचा भाग चतुर्थीपर्यंत स्वच्छ राहिला. डाग पडला तो दस्त्याच्या लाकडाखाली, मेण पोचलं नव्हतं तिथे. जोडणीआधी तिथेही मेण लावलंच पाहिजे. रंगाचं म्हणाल तर हात लागतो तिथे सहा महिन्यांत राखाडी झाला, बाकी टिकला.

खोबरेल लावणारे अजून भेटतात. ते कालांतराने खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. एअर रायफलच्या आत कुठलंच खनिज तेल घालू नका. स्प्रिंगच्या दाबाने ते पेटतं आणि सील जातं.

फोमच्या किंवा चामड्याच्या पेटीत ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं. लाकडी कपाटात अर्धा किलो सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक पुरतो. काटा ५०च्या आसपास असावा, फार खाली गेला तर दस्त्याला चीर जाते. जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवावं लागतं, भर पावसात दर आठवड्याला. कपाटात दिवा लावून ठेवायची जुनी युक्ती चालते, पण दिवा तारेचा हवा. एलईडीला तेवढी ऊब नसते.

सत्तरी, सांगे, केपे भागात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका आहेत. निवडणुकीत पोलिसांकडे जमा केलेली बंदूक घरी आली की त्याच दिवशी लाकूड काढून खालची बाजू बघा. अशा बंदुकीचं रंगकाम परवानाधारक कारागिराकडेच द्या, आणि क्रमांकावर वॉटर पेपर फिरू देऊ नका. तो पुसणं शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ८ खाली गुन्हा आहे.

बाटली पुन्हा घेईन, पण ओरखडे झाकण्यापुरती. मेणाचा डबा मात्र आधी.