घारापुरी की वेरूळ: हिंदू लेणी पाहायला आधी कुठे जावे?

मुंबईत एकच दिवस मोकळा असेल तर घारापुरी, हे उघड आहे. पण दोन-तीन दिवस हाताशी असले आणि लेण्यांतली हिंदू शिल्पे पहिल्यांदाच नीट पाहायची असली, तरीही मी आधी घारापुरी आणि मग वेरूळ असाच क्रम सांगेन. वेरूळचा पसारा मोठा आहे. डोळा थोडा तयार करून गेले तर तो पसारा अंगावर येत नाही.

घारापुरीच्या मुख्य लेण्यात शिल्पपट मोजके आहेत आणि सगळे शिवाचे. सहाव्या शतकाच्या मध्यास ते कोरले गेले असे मानतात आणि त्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक कलचुरी राजघराण्याला देतात. उत्तरेच्या दाराने आत गेलात की समोर, दक्षिणेच्या भिंतीत, महेशमूर्ती. सुमारे १८ ते २० फूट उंच, तीन मुखे: आपल्या डावीकडे मिशा असलेला, कपाळाला आठ्या घातलेला अघोर (शिवाचे उग्र रूप), उजवीकडे हातात कमळ घेतलेले कोवळे मुख, मधले डोळे मिटून शांत. लेण्याला पूर्व आणि पश्चिमेकडूनही उजेड येतो, त्यामुळे थेट ऊन न पडताही चेहऱ्यावरच्या सावल्या दिवसभर हळूहळू सरकत राहतात. इथे घाई करू नका. अर्धा तास बसून राहिलात तरी वाया जाणार नाही.

महेशमूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर. पश्चिमेकडचा कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या लग्नाचा पट, तर मला महेशमूर्तीइतकाच प्रिय आहे. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचे आहे. तिची मान किंचित खाली आहे. इतका संकोच दगडात कसा उतरवला असेल, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो.

उणी बाजूही सांगायला हवी. घारापुरीची मोडतोड फार झाली आहे. नटराजाचे हातपाय गेले आहेत, बऱ्याच पटांचा खालचा भाग उरलेलाच नाही. पूर्वेकडचा रावणानुग्रह, म्हणजे रावण कैलास हलवतो तो प्रसंग, तिथे अंदाजानेच वाचावा लागतो.

तोच प्रसंग वेरूळच्या कैलास लेण्यात, दक्षिण बाजूला पाहा. खालच्या पोकळीत रावण भिंतीपासून जवळजवळ सुटा कोरलेला आहे, सगळे बळ खांद्यांत आलेले. वर पार्वती दचकून शिवाला बिलगते, तिची दासी पळत सुटली आहे, आणि शिव नुसता पाय टेकवून डोंगर स्थिर करतो. घारापुरीत हरवलेली गोष्ट इथे पुरी होते.

कैलास, म्हणजे लेणे क्र. १६, आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी जोडलेले. डोंगर वरून खाली कोरत आणून अख्खे देऊळच मोकळे केले आहे; मागची कातळभिंत १०० फुटांहून उंच आहे. इथे एका मूर्तीसमोर बसून भागत नाही, प्रदक्षिणाच घालावी लागते. उत्तरेच्या अंगाला महाभारताचा पट, दक्षिणेच्या अंगाला रामायणाचा. काही ठिकाणी जुना गिलावा अजून चिकटून आहे. कधीकाळी हे सगळे रंगवलेले होते.

बहुतेक लोक कैलास पाहून परत फिरतात, याचे मला खरेच वाईट वाटते. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १३ ते २९ हिंदू आहेत. विष्णूचे अवतार पाहायचे असतील तर घारापुरी उपयोगाची नाही, त्यासाठी क्र. १५, दशावतार, गाठावे लागते. वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह आहे. क्र. २१, रामेश्वर, इथे ओवरीच्या टोकाला मकरावर उभी गंगा आहे.

आणि क्र. २९, धुमार लेणे. आधी घारापुरी पाहिलेला माणूस इथे आत शिरताच थबकतो: तीन बाजूंनी उघडा मंडप, चार दारांचा गाभारा, दारांशी प्रचंड द्वारपाल, भिंतींवर तेच प्रसंग. दोन्ही लेणी साधारण एकाच काळातली. पावसाळ्यात शेजारी वेळगंगेचा धबधबा कोसळत असतो. माझे ऐकाल तर वेरूळला सुरुवात इथून करा आणि कैलास शेवटी ठेवा.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. घारापुरी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. घारापुरीला गेटवेवरून लाँचने साधारण तासभर लागतो. समुद्र खवळला की लाँच बंद, म्हणून पावसाळ्यात वेरूळच बरे. बेटावर धक्क्यापासून वर शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना डोली मिळते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल तर कैलासाचे अंगण जास्त सोयीचे, तिथे चढ जवळपास नाही. दशावताराच्या पायऱ्यांवर मात्र त्यांना नेऊ नका.

वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटर. लेण्यांचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन मंडपांत आतवर येते. सकाळी लांबची लेणी, मग जेवण, आणि तीनच्या पुढे कैलास असा बेत आखा. घारापुरीला याच्या उलट: सकाळची पहिली लाँच पकडा, गर्दी चढायच्या आत महेशमूर्तीसमोर पोचा.